रोबॉटला पूल खेळणं एवढं जड का जातं? उत्तर मिळालं पुण्याच्या विल्सन जोन्स यांच्याकडे

दिवाळीला सोनईला घरी गेलो होतो. आत्याचा मुलगा अकरावीला आहे. तो ओट्यावर बसून फोनवर पूलचा गेम खेळत होता. बोट मागे ओढायचं, पांढऱ्या बॉलपासून निघालेली रेघ रंगीत बॉलवर टेकवायची, सोडून द्यायचं. बॉल बरोबर खड्ड्यात. खेळता खेळता त्याने विचारलं की दादा, खरा रोबॉट टेबलावर उभा केला तर माणूस त्याला कधीच हरवू शकणार नाही ना?

मी लगेच हो म्हणालो. रोज कोड लिहितो, रोबॉटचे व्हिडिओ बघतो, त्यामुळे उत्तर सोपं वाटलं. कॉम्प्युटरने १९९७ मध्येच बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवलं, मग सपाट टेबलावरचे चार बॉल काय अवघड?

रात्री झोप येईना म्हणून मी वाचायला बसलो, आणि लक्षात आलं की मी पोराला चुकीचं सांगितलंय. पूल, स्नूकर, बिलियर्ड्स या खेळांकडे बुद्धिबळातल्या १९९७ सारखी तारीखच नाही. रोबॉट टेबलापर्यंत आलेत, खेळतातही, पण हा खेळ त्यांना भलताच जड गेलाय. का जड जातो हे शोधताना मी एका माणसापाशी पोचलो. तो रोबॉटवाला नव्हता. आपल्या पुण्यात जन्मला होता आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं जागतिक विजेतेपद त्याने मिळवून दिलं होतं. विल्सन जोन्स. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी पुण्यात काढली, कॅम्पातून शेकडो वेळा गेलो, आणि हे नाव मला माहीत नव्हतं.

आधी खेळ समजून घेऊ

फोनवर आपण खेळतो तो पूल. टेबल लहान, बॉल बरेच. स्नूकर मोठ्या टेबलावर, लाल आणि रंगीत बॉलांचा. हा खेळ तर भारतातच जन्मला. १८७५ मध्ये जबलपूरला नेव्हिल चेंबरलेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो सुरू केला असं मानतात.

जोन्स यांचा मुख्य खेळ या दोन्हींच्या आधीचा, इंग्लिश बिलियर्ड्स. टेबल तेच बारा फुटी, पण बॉल फक्त तीन. दोन खेळाडूंचा प्रत्येकी एक आणि एक लाल. गुण तीन प्रकारांनी मिळतात. तुमचा बॉल दुसऱ्या दोन्ही बॉलना लागला तर कॅनन, त्याचे २ गुण. दुसरा बॉल पॉकेटमध्ये घातला तर पॉट. तुमचा स्वतःचा बॉल दुसऱ्याला लागून पॉकेटमध्ये गेला तर इन-ऑफ. लाल बॉलवरून पॉट किंवा इन-ऑफ झाला की ३ गुण, समोरच्याच्या बॉलवरून झाला की २.

गंमत अशी की इथे टेबल रिकामं होत नाही. लाल बॉल पॉकेटमध्ये गेला की उचलून पुन्हा जागेवर ठेवतात. चुकत नाही तोवर तुम्ही खेळत राहता. सलग मिळवलेल्या गुणांना ब्रेक म्हणतात आणि मोठे खेळाडू शेकड्यांचे ब्रेक करतात. एकच प्रकार सलग किती वेळा करायचा याला नियमांत मर्यादा आहे, पण प्रकार बदलत खेळलात तर थांबवणारं कुणी नाही.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी सांगायचं तर हा एक लूप आहे. प्रत्येक फेरीत गुण मिळवायचे आणि तिन्ही बॉल असे सोडायचे की पुढची फेरी पुन्हा सुरू करता येईल. एकदा मांडणी बिघडली की लूप तुटला आणि समोरचा उठून टेबलापाशी आला.

पुण्याचा मुलगा

विल्सन लायोनेल गार्टन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात एका अँग्लो-इंडियन घरात झाला. त्या काळी पुणे म्हणजे लष्कराचं मोठं ठाणं. बिलियर्ड्सची टेबलं असायची ती क्लबांत, जिमखान्यांत आणि लष्करी मेसमध्ये. एका टेबलाखाली दगडी लाद्या असतात, त्यांवर ताणून बसवलेलं लोकरीचं कापड. ही वस्तू सामान्य माणसाच्या घरात येण्यातली नव्हती. आपल्याकडे मंडळाच्या पोरांना कॅरम बोर्ड जसा सहज मिळतो, तसा हा खेळ सहज मिळत नव्हता.

जोन्स राष्ट्रीय पातळीवर आले ते देश स्वतंत्र झाल्या झाल्या. १९४८ मध्ये ते स्नूकरचे राष्ट्रीय विजेते झाले आणि १९५० मध्ये बिलियर्ड्सचे. पुढे १९६६ पर्यंत बिलियर्ड्सचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी १२ वेळा मिळवलं आणि स्नूकरचं ५ वेळा. हा आकडा वाचून मी जरा थांबलो. सतरा वर्षांच्या काळात बारा वेळा. एखाद्या वर्षी हात चालून जाणं वेगळं आणि दीड दशक चालत राहणं वेगळं. याला आमच्या भाषेत रिपीटेबिलिटी म्हणतात, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा तशीच करून दाखवणं. यंत्र विकताना कंपन्या याच गुणाची जाहिरात करतात.

एका अंशाचा दहावा भाग

हा खेळ किती क्रूर आहे ते बघण्यासाठी वही-पेन घ्या. आठवीची भूमिती पुरेल.

बिलियर्ड्सचा बॉल ५२.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. समजा तुमचा बॉल लाल बॉलपासून एक मीटरवर आहे आणि लाल बॉल पॉकेटपासून एक मीटरवर. तिन्ही एका रेषेत, म्हणजे दिसायला अगदी सोपा शॉट. आता नेम फक्त ०.१ अंशाने चुकला असं धरा. हा कोन केवढा? घड्याळाचा मिनिटकाटा एका सेकंदात जेवढा सरकतो तेवढा. डोळ्यांना कळतही नाही.

एक मीटर गेल्यावर तुमचा बॉल साधारण पावणेदोन मिलिमीटर बाजूला पोचतो. फार नाही. पण दोन गोल वस्तू आदळतात तेव्हा लाल बॉल कुठे जाईल हे त्या क्षणी दोघांची केंद्रं कशी आहेत यावर ठरतं. १.७५ भागिले ५२.५ केलं की कोन येतो १.९ अंश. म्हणजे ०.१ ची चूक एका टकरीत एकोणीस पट झाली. पुढच्या एका मीटरमध्ये लाल बॉल ३३ मिलिमीटर भरकटतो. पॉकेटचं तोंड साधारण साडेतीन इंचांचं, त्यात बॉलला दोन्ही बाजूंनी मिळणारी मोकळीक जेमतेम १८ मिलिमीटर. शॉट चुकला.

आता तेच दोन बॉल एकमेकांपासून दहा-साडेदहा सेंटिमीटरवर आणा. तीच ०.१ अंशाची चूक या वेळी फक्त दुप्पट होते. एक मीटर दूरच्या पॉकेटपाशी लाल बॉल साडेतीन मिलिमीटरच हलतो. शॉट गेला.

हात तोच, चूकही तेवढीच. फरक पडला तो बॉल किती जवळ होते याचा. म्हणून बिलियर्ड्सचे मोठे खेळाडू तिन्ही बॉल टेबलाच्या वरच्या टोकाला, लाल बॉलच्या जागेभोवती गोळा करतात आणि तिथेच पॉट, कॅनन, पॉट, कॅनन असं विणत बसतात. बघणाऱ्याला वाटतं किती सोपे शॉट खेळतोय. तो सोपे शॉट खेळत असतो हे खरंच, पण ते सोपे त्यानेच मागच्या शॉटला करून ठेवलेले असतात. मला या सगळ्या शोधात सापडलेली मुख्य गोष्ट हीच. चूक प्रत्येक हाताकडून होते. चॅम्पियन टेबलाची मांडणी अशी ठेवतो की त्याची चूक वाढत जाणार नाही.

कलकत्ता, दोनदा

राष्ट्रीय विजेता झाल्यावर जगज्जेता व्हायला जोन्स यांना आठ वर्षं लागली. मधल्या काळात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा १९५१ ला लंडनमध्ये, १९५२ ला कलकत्त्यात आणि १९५४ ला सिडनीत झाली. तिन्ही वेळा किताब इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूने नेला. १९५२ ची स्पर्धा तर आपल्याच देशात होती आणि जिंकले इंग्लंडचे लेस्ली ड्रिफील्ड.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. त्याच १९५२ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हॉकी सोडली तर जगात पहिलं येणं ही आपल्याला ठाऊक असलेली गोष्टच नव्हती. त्यात बिलियर्ड्स साहेबांचा खेळ. नियम त्यांचे, टेबलं त्यांची, जगज्जेतेही त्यांचेच.

१९५८ मध्ये स्पर्धा पुन्हा कलकत्त्याला आली. जोन्स तेव्हा ३६ वर्षांचे होते. या वेळी विजेतेपद त्यांचं होतं आणि दुसऱ्या क्रमांकावर होते तेच ड्रिफील्ड. स्वातंत्र्याला अकरा वर्षं झाली होती आणि एका भारतीयाच्या नावापुढे पहिल्यांदाच वैयक्तिक जगज्जेता असं लिहिलं गेलं. त्याच वर्षी मिल्खा सिंग यांनी कार्डिफला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. मिल्खा सिंग यांच्यावर सिनेमा निघाला, सगळ्यांना ते माहीत आहेत. जोन्स यांचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या एका ओळीत राहिलं.

याचं एक कारण खेळातच आहे असं मला वाटतं. धावणारा माणूस पडद्यावर छान दिसतो. बिलियर्ड्समध्ये उत्तम खेळ म्हणजे काहीच न घडल्यासारखा खेळ. बॉल हातभर इकडे-तिकडे सरकतात, गुण वाढत जातात, समोरचा खुर्चीत बसून राहतो.

यंत्रं टेबलापाशी येतात

आता रोबॉटकडे वळू. पूल खेळण्यासाठी यंत्राला तीन कामं यावी लागतात. बघणं, ठरवणं आणि मारणं.

ठरवण्याचं काम संशोधकांनी आधी कॉम्प्युटरच्या आतच करून बघितलं. खोटं टेबल, खोटे बॉल, पण भौतिकशास्त्र खरं. हे भौतिकशास्त्र फार जुनं आहे. भूगोलात वाऱ्यांच्या धड्यात कोरिऑलिस बल शिकलोय ना, त्याच फ्रेंच गणिती कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. बॉल कुठे मारला तर घसरेल, कुठे मारला तर लगेच लोळेल, स्पिन दिल्यावर त्याचा मार्ग कसा वाकेल, हे सगळं त्यात येतं. बॉलच्या केंद्रापासून त्रिज्येच्या दोन पंचमांश वर, म्हणजे आपल्या बॉलसाठी साडेदहा मिलिमीटर वर आडवा ठोका बसला, तर बॉल न घसरता पहिल्या क्षणापासून लोळतो.

अशा आभासी टेबलावर प्रोग्रामांच्या स्पर्धा झाल्या. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा पिकपॉकेट हा प्रोग्राम २००५ आणि २००६ च्या कॉम्प्युटर ऑलिंपियाडमध्ये पूलचा विजेता ठरला. २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्यूकार्डने बाजी मारली.

या स्पर्धांत एक मेख मारलेली होती. प्रोग्रामने सांगितलेला शॉट जसाच्या तसा खेळला जात नसे. त्याच्या कोनात, जोरात मुद्दाम थोडी यादृच्छिक चूक मिसळत. कारण खऱ्या जगात चूक होणारच. त्यामुळे प्रोग्रामला नुसता अचूक शॉट शोधून भागत नव्हतं. तो एकच शॉट मनातल्या मनात बऱ्याच वेळा, दर वेळी थोडा चुकवून खेळून बघायचा. समजा एक भारी दिसणारा शॉट शंभरातून चाळीस वेळा जमला आणि एक साधा शॉट त्र्याण्णव वेळा, तर साधा घ्यायचा. शिवाय त्यानंतर बॉल कुठे थांबतील आणि पुढचा शॉट किती सोपा राहील तेही मोजायचं. या पद्धतीला मॉन्टे कार्लो म्हणतात.

हे वाचताना मला जोन्स यांचे बारा राष्ट्रीय किताब आठवले. बिलियर्ड्सवाले पिढ्यान्‌पिढ्या जे हाताने शिकत आले, तिथेच हे प्रोग्राम गणिताने पोचले होते. चूक होणार हे धरून चाल आणि तिला वाढू न देणारी जागा निवड.

आभासी टेबलावरून खऱ्या टेबलावर

खरी अडचण पुढेच होती. कॅनडातल्याच क्वीन्स विद्यापीठात मायकेल ग्रीनस्पॅन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डीप ग्रीन नावाचा रोबॉट बांधला. बुद्धिबळवाल्या डीप ब्लूवरून हे नाव. टेबलाच्या वर छतापासून लोंबणारी चौकट, तिच्यावर सरकणारा यांत्रिक हात, हातात क्यू आणि वरून बघणारा कॅमेरा.

रोबॉटचा हात मिलिमीटरच्या लहानशा भागापर्यंत अचूक फिरू शकतो. मग अडतं कुठे? बॉल नक्की कुठे आहे हे कळण्यात. हिशोब करून बघा. फोनच्या १२ मेगापिक्सेल फोटोत लांबीकडे साधारण ४००० पिक्सेल असतात. बिलियर्ड्सच्या टेबलाची खेळायची लांबी सुमारे ३५७० मिलिमीटर. म्हणजे एका पिक्सेलमागे जवळपास ०.९ मिलिमीटर. बॉलची जागा ओळखण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर वरच्याच गणिताने लाल बॉल १.१ अंशाने फिरतो आणि एक मीटरवर १९ मिलिमीटर भरकटतो. मोकळीक होती १८. संपलं.

त्यातून कॅमेऱ्याची भिंग सरळ रेघांना वाक देते. वाईड अँगलने ग्रुप फोटो काढला की कडेची माणसं कशी ताणलेली दिसतात, तसंच टेबलाच्या कडेला होतं. हे सगळं मोजून, सुधारून घ्यावं लागतं. बॉलच्या कडेवरचे अनेक पिक्सेल घेऊन त्यांतून वर्तुळ बसवलं तर केंद्र एका पिक्सेलपेक्षाही बारीक सापडतं. डीप ग्रीनच्या मंडळींनी वरच्या कॅमेऱ्याच्या जोडीला हातावरही कॅमेरा बसवला, म्हणजे लांबून अंदाज आणि जवळून दुरुस्ती. माणूसही तेच करतो. आधी उभं राहून टेबल बघतो, मग हनुवटी क्यूला टेकवून नेम धरतो.

२०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या विलो गॅरेज कंपनीच्या इंजिनिअरांनी आपल्या पीआर-टू या दोन हातांच्या रोबॉटला एका आठवड्याच्या आत पूल खेळायला शिकवलं. कोणता शॉट घ्यायचा हे ठरवायला त्यांनी पूलचं आधीच लिहिलेलं सिम्युलेशन सॉफ्टवेअर वापरलं. जर्मनीत म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातही दोन हातांचा रोबॉट पूलच्या टेबलापाशी उभा राहिला. ही यंत्रं बॉल पॉकेटमध्ये घालतात, ते बघायला मजाही येते. पण त्यांच्यासाठी आधी टेबल मोजावं लागतं, दिवे लावावे लागतात, कॅमेरे जुळवावे लागतात. या जुळवाजुळवीला कॅलिब्रेशन म्हणतात. टेबल हललं की ते पुन्हा करायचं.

टेबल बदललं की

कॅलिब्रेशन कॅरम खेळणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात बोर्ड जड होतो, सोंगटी अर्ध्यात थांबते. पावडर टाकली की तोच बोर्ड पळायला लागतो. दुसऱ्याच्या घरच्या बोर्डवर पहिले दोन-तीन स्ट्रोक फुकट जातात आणि मग हात आपोआप जुळवून घेतो.

बिलियर्ड्समध्ये हे कैक पटींनी असतं. कापडाला लव असते आणि त्या लवेच्या दिशेने हळू जाणारा बॉल किंचित ओढला जातो. हवा दमट असेल तर कापड बॉलला जास्त धरतं. कुशनचं रबर प्रत्येक टेबलाचं वेगळं उसळतं. खेळाडू फक्त आपला क्यू घेऊन येतो, टेबल तिथलंच असतं.

म्हणून १९५८ नंतरची कहाणी मला जास्त आवडते. आपल्या देशात, ओळखीच्या हवेत जिंकणं एक झालं. १९६२ ची स्पर्धा ऑस्ट्रेलियात पर्थला झाली. पर्थ म्हणजे बॉब मार्शल यांचं गाव, आणि मार्शल यांनी १९३६ पासून हा किताब आधीच तीनदा घेतलेला. जोन्स तिथे दुसरे आले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडजवळच्या पुकेकोहे या छोट्या गावी ते पुन्हा उभे राहिले. वय ४२. देश परका, हवा परकी, टेबल परकं. आणि ते दुसऱ्यांदा जगज्जेते झाले.

आमच्या क्षेत्रात एक रोजचं दुखणं आहे. सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चालतं आणि ग्राहकाच्या मशीनवर गेलं की पडतं. रोबॉटवाल्यांचं दुखणं त्याहून मोठं. सिम्युलेशनमध्ये शिकलेली गोष्ट खऱ्या यंत्रावर तशी चालत नाही. कलकत्त्यात चाललेला खेळ पुकेकोहेला चालवून दाखवणं म्हणजे काय, हे त्यामुळे मला चांगलं कळतं. जोन्स यांच्याकडे कॅमेरा नव्हता. पहिल्या काही शॉटांत बॉल कुठे थांबतोय ते बघून पुढचा जोर ठरवायचा, प्रत्येक शॉटचा निकाल पुढच्या शॉटमध्ये वापरायचा. याला आम्ही फीडबॅक म्हणतो. आणि तीन बॉल जवळ जवळ ठेवले की परक्या टेबलाचा त्रासही कमी, कारण बॉलला लांब जावंच लागत नाही.

टेबलावरून उठल्यानंतर

१९६५ मध्ये जोन्स यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी अर्जुन पुरस्कारही मिळाला होता. १९६६ च्या राष्ट्रीय विजेतेपदानंतर ते स्पर्धांतून बाजूला झाले आणि शिकवायला लागले. त्यांची दोन्ही जागतिक विजेतेपदं हौशी गटातली होती, म्हणजे खेळून पोट भरत नव्हतं. कोट्यवधींचे करार, जाहिराती या गोष्टी त्या पिढीने पाहिल्याच नाहीत.

त्यांनी उघडलेल्या दारातून पुढे बरेच जण गेले. मुंबईचे मायकेल फरेरा, मग गीत सेठी, मग पंकज अडवाणी. आज बिलियर्ड्समध्ये भारतीय जगज्जेता झाला तर आपल्याला नवल वाटत नाही. १९५८ च्या आधी ते अशक्य वाटत होतं.

१९९६ मध्ये प्रशिक्षक म्हणून जोन्स यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खेळाडू म्हणून अर्जुन आणि गुरू म्हणून द्रोणाचार्य असे दोन्ही पुरस्कार फार थोड्यांच्या वाट्याला येतात. ५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ८१. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियातल्या बिलियर्ड्स हॉलला त्यांचं नाव आहे.

मग पोराला काय सांगितलं?

भाऊबीजेच्या संध्याकाळी कॅरम काढला. मी त्याला म्हटलं की परवाचं उत्तर चुकलं होतं. फोनमधली ती नेमाची रेघ आधी बंद कर, मग बोलू. गेममध्ये ती रेघ तुला आयती मिळते, बॉल कुठे आहे हे फोनला आधीच माहीत असतं, कापडाला लव नसते आणि हवा कधी दमट होत नाही. रोबॉटची सगळी मेहनत ती रेघ खऱ्या टेबलावर मिळवण्यात जाते. माणूस ती वर्षानुवर्षं चुकून चुकून मिळवतो.

रोबॉट एक दिवस जगज्जेत्याला हरवेल का? मला वाटतं हरवेल. कॅमेरे बारीक होतायत, सिम्युलेशन सुधारतंय, यंत्रं स्वतःच्या चुकांतून शिकायला लागलीत. पण त्या दिवशीही तो रोबॉट चूक वाढू न देणारे शॉट निवडूनच जिंकेल.

हे सगळं ऐकून त्याने विचारलं, की मग आपल्या गेममध्ये विल्सन जोन्स नावाची लेव्हल का नाही. मला उत्तर सुचलं नाही. त्याने स्ट्रायकर लावला, लांबच्या राणीवर जोरात मारला आणि ती कोपऱ्याला आपटून परत आली. पुढच्या डावात मात्र त्याने आधी जवळची सोंगटी घेतली.

तुम्हीही एक प्रयोग करून बघा. पूलच्या गेममध्ये नेमाची रेघ बंद करायची सोय असेल तर बंद करा आणि दहा डाव खेळा. प्रत्येक शॉटआधी बॉल कुठे जाईल याच्यासोबत तुमचा पांढरा बॉल कुठे थांबेल हेही ठरवा. कॅरमवर केलंत तरी चालेल. कितव्या डावात फरक पडला ते आम्हाला कळवा.